बोटीवर एकमेकांचं ऐकू येत नाही: हेडसेट विकत घेण्याआधी हे तपासा

नांगर टाकताना, धक्क्याला लागताना किंवा इंजिन रूममध्ये काम चालू असताना खलाशांचं बोलणं एकमेकांपर्यंत पोहोचत नाही, ही तक्रार मी वर्षानुवर्षं दुरुस्त करत आलो आहे. बोट शिडाची असो, मासेमारीची असो की प्रवासी लाँच, दुखणं तेच असतं. विचारणारा बहुतेक वेळा थेट विचारतो, "चांगला हेडसेट कुठला?" प्रश्न रास्त आहे, पण तो शेवटी विचारायचा. बोलणं चारपैकी एका जागी तुटतं: बोलणाऱ्याच्या तोंडाशी, मधल्या वाटेत, ऐकणाऱ्याच्या कानाशी, किंवा हुकमाच्या शब्दांतच. ती जागा सापडली नाही, तर महागडं यंत्र आणूनही गोंधळ तसाच राहतो.

लक्षणं

तुमच्या बोटीवर यातलं नेमकं काय होतं, ते आधी कागदावर लिहा. "ऐकू येत नाही" एवढं पुरत नाही.

- इंजिन बंद असताना सगळं कळतं, चालू केलं की काही कळत नाही.
- नाळेवरच्या (बोटीच्या पुढच्या टोकावरच्या) माणसाचं बोलणं सुकाणूवाल्याला कळतं, पण सुकाणूवाल्याचं नाळेपर्यंत जात नाही.
- आवाज येतो, शब्द लागत नाहीत.
- वॉकीटॉकीवर वाक्याचा पहिला किंवा शेवटचा शब्द गायब होतो.
- पाऊस किंवा लाटेचे तुषार लागले की स्पीकरचा आवाज दबतो, खरखरतो.
- मागे एक बारीक सूर ऐकू येतो आणि इंजिनाच्या वेगाबरोबर तो चढतो-उतरतो.
- बॅटरी भरलेली, चॅनल तोच, तरी दोन संच एकमेकांना ऐकत नाहीत.
- हेडसेट सुकाणूपाशी छान चालतो, डोलकाठीच्या पुढे गेलं की तुटतो.
- हुकूम ऐकू आला, माणूस "हो" म्हणाला, आणि तरीही भलतंच काम झालं.

शेवटचं लक्षण सर्वांत धोक्याचं. माझ्याकडे येणाऱ्या तक्रारींत तेच सर्वांत जास्त दिसतं, आणि ते कुठल्याही यंत्राने बरं होत नाही.

पहिली तपासणी: दहा शब्दांची चाचणी

खर्च शून्य. बोट बांधलेली असताना एकाने नाळेवर उभं राहून एकमेकांशी संबंध नसलेले दहा शब्द वाचायचे आणि सुकाणूवरच्याने ऐकू येतील तसे लिहायचे. आधी इंजिन बंद ठेवून, मग मंद गतीवर, मग नांगर टाकताना जेवढा वेग असतो तेवढ्यावर. त्यानंतर बाजू बदलून पुन्हा.

शब्द नेहमीच्या हुकमांतले नकोत. ओळखीचा हुकूम माणूस निम्मा ऐकतो आणि निम्मा अंदाजाने भरतो. चाचणीत तो पास होतो आणि खऱ्या गडबडीत चुकतो. इंजिन बंद असतानाही दहापैकी दोन-तीन शब्द चुकत असतील, तर तुमची अडचण इंजिनाची नाही. तोंड कुठे वळलंय, वारा कुठला आहे आणि ऐकणाऱ्याचा कान कसा आहे, ते बघा. इंजिन चालू झाल्यावरच शब्द गळत असतील, तर पुढची तपासणी.

ओरडून का भागत नाही

मोठ्याने ओरडणाऱ्या माणसाचा आवाज एक मीटरवर साधारण ८५ ते ९० डेसिबल भरतो. उघड्यावर अंतर दुप्पट झालं की तो ६ डेसिबलने उतरतो. म्हणजे दहा-बारा मीटर लांबीच्या बोटीवर टोकाला पोहोचेपर्यंत त्याचे ६५ ते ७० डेसिबल उरतात. ऐकणारा इंजिनाच्या डोक्यावरच उभा असेल आणि तिथे ७५ डेसिबल गोंगाट असेल, तर हे ओरडणं त्याच्याखाली गाडलं जातं. घसा कितीही ताणला तरी या हिशेबात फारसा फरक पडत नाही.

शिवाय ओरडताना जोर स्वरांवर येतो. 'आ', 'ओ' मोठे होतात. 'स', 'त', 'क', 'फ' ही व्यंजनं तेवढी वाढत नाहीत. शब्द ओळखू येतो तो मुख्यतः व्यंजनांमुळे. म्हणून लांबून "आवाज येतोय पण कळत नाही" ही अवस्था होते. त्यात इंजिनाची घरघर खालच्या पट्टीतली असली, तरी ती वरच्या पट्टीतले नाजूक आवाज झाकून टाकते.

आता वाऱ्याचं. नांगर टाकताना नाळ वाऱ्याकडे असते. नाळेवरचा माणूस बोलला तर आवाज वाऱ्याबरोबर मागे येतो, पण तो बोलतो पाण्याकडे तोंड करून. सुकाणूवाला बोलतो तो वाऱ्याविरुद्ध, आणि ऐकणाऱ्याच्या दोन्ही कानांत वारा घुमत असतो, पायाशी साखळी आणि विंच (साखळी-दोर ओढणारं यंत्र) खडखडत असते. एकीकडूनच ऐकू येतं, या लक्षणाचं कारण बहुधा हेच. यावर फुकटचे तीन उपाय आहेत. बोलण्याआधी मान वळवायची. हुकूम देताना क्षणभर इंजिनाचा वेग उतरवायचा आणि विंच थांबवायचा. आणि इंजिन रूमचं झाकण, दार नीट बसतंय का ते बघायचं. झाकणाभोवतीचं रबर झिजलं की फटीतून किती आवाज बाहेर पडतो, हे रबर बदलल्यावरच लक्षात येतं.

जोखायला एक आकडा ध्यानात ठेवा. आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेची ध्वनिसंहिता १ जुलै २०१४ पासून १,६०० टन आणि त्यावरच्या नव्या जहाजांना लागू झाली. तिच्यात ब्रिजवर, म्हणजे जहाज चालवण्याच्या खोलीत, ६५ डेसिबलची मर्यादा आहे, तर यंत्रांच्या जागी ११०. ब्रिजवर एवढी कडक मर्यादा आहे, कारण तिथे बोललेलं कळलंच पाहिजे. छोट्या बोटीला हा नियम लागत नाही, पण सुकाणूपाशी मोबाईलवरच्या अ‍ॅपने ढोबळ मोजलंत आणि आकडा ८० च्या आसपास आला, तर नुसत्या तोंडी हुकमांवर भिस्त ठेवू नका.

हुकमाचे शब्द

इथे मी मुद्दाम जास्त वेळ घेतो, कारण याला पैसा लागत नाही आणि फरक सर्वांत मोठा पडतो.

'सोड' आणि 'ओढ' हे दोन हुकूम बघा. गोंगाटात 'स' सर्वांत आधी गळतो. मग उरतं ते 'ओड', आणि ऐकणारा दोर ओढायला लागतो. दोराबाबत याहून वाईट जोडी सापडणं कठीण. 'सोड' काढून टाका, त्याजागी 'ढील' म्हणा. 'ढील' आणि 'ओढ' यांचे स्वरच वेगळे आहेत, अर्धवट ऐकू आले तरी एकमेकांत मिसळत नाहीत. तसंच 'डावीकडे' आणि 'उजवीकडे': पहिला तुकडा गेला की दोन्हीकडे 'वीकडे' उरतं. 'पोर्ट' (नाळेकडे तोंड केल्यावरची डावी बाजू) आणि 'स्टारबोर्ड' (उजवी) हे शब्द लांबीनेच वेगळे पडतात, आणि माणूस कुठेही तोंड करून उभा असला तरी बोटीची बाजू बदलत नाही.

नकार कधीच हुकमात वापरू नका. आपल्याकडे 'नको' शेवटी येतो. "सोडू नको" यातला शेवट वाऱ्याने खाल्ला किंवा बोलणाऱ्याने बटण लवकर सोडलं, की उलटाच हुकूम पोहोचतो. त्याजागी "धरून ठेव" म्हणा.

आणि "हो" हे उत्तर चालवून घेऊ नका. ऐकणाऱ्याने हुकूम जसाच्या तसा परत म्हणायचा, आणि काम झाल्यावर "झालं" न म्हणता काय झालं ते सांगायचं: "नांगर तळाला लागला", "पुढचा दोर बांधला". मोठ्या जहाजांवर सुकाणूचा प्रत्येक हुकूम असाच परत म्हटला जातो. आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने २००१ मध्ये स्वीकारलेल्या प्रमाण संवाद-वाक्यांतही तेच आहे. चूक झाली असेल तर ती हात चालू होण्याआधी कळावी, एवढ्यासाठी ही शिस्त.

हातखुणा आणि शिट्टी

पुढची स्वस्त पायरी हातखुणांची. नांगर टाकताना आणि उचलताना मी त्यांनाच पहिली पसंती देतो: नाळेवरच्याला मागे वळावं लागत नाही, वारा आणि इंजिन मध्ये येत नाहीत, बॅटरी संपत नाही. पाच-सहा खुणा पुरतात: पुढे, मागे, गिअर मोकळा, पोर्ट, स्टारबोर्ड आणि थांब. 'थांब'साठी हात वर करून घट्ट मूठ. खूण डोक्याच्या वर, अंगापासून लांब करायची, म्हणजे डोलकाठी किंवा केबिनच्या आड जात नाही. समोरून तीच खूण परत मिळेपर्यंत हात खाली घ्यायचा नाही. खुणांचा सगळीकडे चालणारा एकच संच नाही, म्हणून नवा माणूस बोटीवर आला की खुणा धक्क्यावरच त्याच्याकडून करून घ्यायच्या.

खुणा फसतात त्या तीन जागी: रात्री, दोन्ही हात दोरात गुंतलेले असताना, आणि मध्ये शीड किंवा छत आल्यावर. रात्रीसाठी छोटी टॉर्च हातावर रोखून हात दाखवा. सुकाणूवाल्याच्या डोळ्यांवर पांढरा झोत आला तर त्याला पुढची काही मिनिटं अंधारातलं नीट दिसत नाही.

शिट्टीला एकच अर्थ ठेवा: "माझ्याकडे बघ." शिट्ट्या मोजून हुकूम देण्याची पद्धत बसवू नका. समुद्रावरच्या टक्कर-प्रतिबंधक नियमांत एक, दोन, तीन आणि पाच छोट्या भोंग्यांना ठरलेले अर्थ आहेत, आणि सात किंवा जास्त छोटे व मग एक लांब हा जहाजावरचा आणीबाणीचा इशारा आहे. घरगुती संकेत त्यांच्या जवळ जाता कामा नये.

वॉकीटॉकी आहे, पण चालत नाही

आता यंत्रं. नवा संच घेण्याआधी आहे तोच या क्रमाने तपासा.

स्पीकरची जाळी खाली करून संच झटका. दबलेल्या आवाजाचं कारण बहुतेक वेळा जाळीत साचलेलं पाणी किंवा वाळलेलं मीठ असतं. जलरोधक संच गोड्या पाण्याने धुवा, सावलीत वाळवा. संचावरची आयपीएक्स-७ ही जलरोधकतेची खूण म्हणजे एक मीटर खोल पाण्यात तीस मिनिटं, तेही गोड्या पाण्यात आणि सगळी झाकणं-रबरं शाबूत असताना. खारं पाणी धातूचं काय करतं, हे त्या आकड्यात येत नाही.

बॅटरीचे आणि चार्जरचे टोक बघा. हिरवट किंवा पांढरा थर असेल तर आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलेल्या कापडाने पुसा. रात्रभर चार्ज केलेला संच तासाभरात मरतो, याचं कारण बॅटरी जुनी असण्याआधी हा थर असतो.

मग बटण. दाबून लगेच बोललं तर पहिला शब्द जातो, कारण संचाला प्रक्षेपण सुरू करायला आणि समोरच्याला ते पकडायला क्षण लागतो. दाबा, एक सेकंद थांबा, बोला, बोलून झाल्यावर पुन्हा क्षणभर थांबून सोडा. एका वेळी एकच बोलू शकतो. दोघांनी एकदम बटण दाबलं तर दोघांनाही एकमेकांचं ऐकू येत नाही. सगळेच अचानक गप्प झाले तर कोणाचं तरी बटण खिशात किंवा जीवनरक्षक जॅकेटखाली दाबलं गेलंय का ते आधी बघा. अडकलेलं एक बटण अख्खा चॅनल बंद करतं.

चॅनल एकच असून ऐकू येत नसेल तर प्रायव्हसी कोड तपासा. हा कोड म्हणजे ६७ ते २५४ हर्ट्झच्या पट्ट्यातला एक मंद सूर. तो जुळला नाही तर संच स्पीकर उघडतच नाही. सगळ्या संचांवर कोड शून्य करून बघा. नावात 'प्रायव्हसी' असली तरी त्याने बोलणं गुप्त होत नाही, एवढं ध्यानात असू द्या. त्यानंतर स्क्वेल्च, म्हणजे रिकाम्या चॅनलची खरखर दाबणारं बटण: तो फार घट्ट केलेला असेल तर दुबळा आवाज आत येत नाही.

मायक्रोफोन वाऱ्यापासून अंगाने आडवा, तोंडापासून तीन-चार बोटं, आणि आवाज नेहमीचा. ओरडलं की मायक्रोफोनमधला आवाज फाटतो आणि पुन्हा व्यंजनं जातात. दोन संच हातभर अंतरावर असतील तर किंचाळी ऐकू येईल. तो बिघाड नाही, एक जण दूर सरका.

परवान्याचं थोडक्यात. सागरी व्हीएचएफचा (बोटींवरच्या ठरलेल्या रेडिओचा) १६ नंबरचा चॅनल आणीबाणीचा आणि हाक मारण्याचा आहे, खलाशांच्या आपसातल्या बोलण्याचा नाही. आंतरराष्ट्रीय नियमांत चॅनल १५ आणि १७ जहाजावरच्या अंतर्गत बोलण्याला चालतात, पण शक्ती १ वॅटच्या आत. साध्या वॉकीटॉकीचे पट्टे देशागणिक बदलतात: युरोपात ४४६ मेगाहर्ट्झ, अमेरिकेत ४६२ आणि ४६७. एकीकडे कायदेशीर असलेला संच दुसरीकडे बेकायदा असू शकतो, म्हणून जिथे बोट चालते तिथला नियम आधी बघा.

सूर आणि खरखर

इंजिनाच्या वेगाबरोबर चढणारा सूर अल्टरनेटरकडून (इंजिनावर फिरून वीज बनवणाऱ्या यंत्राकडून), बोटीच्या वीजतारांमधून येतो. संच चार्जरमधून काढून नुसत्या बॅटरीवर चालवा. सूर गेला तर दोष संचात नाही, पुरवठ्यात आहे. तारेवर फेराइट (असा गोंगाट अडवणारं चुंबकीय कडं) अडकवून किंवा चार्जरची जागा बदलून बघा.

इंजिन बंद असूनही खरखर असेल तर एलईडी दिव्यांवर संशय घ्या. अमेरिकेच्या तटरक्षक दलाने २०१८ मध्ये याबद्दल सुरक्षा इशारा काढला होता: काही एलईडी दिव्यांमुळे व्हीएचएफचं ग्रहण बिघडतं. तपासणी सोपी आहे. सगळे दिवे बंद करा, शांत चॅनलवर स्क्वेल्च खरखर जेमतेम थांबेल इतकाच ठेवा, मग एकेक दिवा लावत जा. ज्या दिव्याला खरखर उसळते, तो दोषी. ही तपासणी टाळू नका, कारण त्याच खरखरीखाली एखाद्याची मदतीची हाकही बुडू शकते.

हेडसेट कधी घ्यायचा

वरचं सगळं करून झालं आणि तरी दोघांचेही हात कायम गुंतलेले असतात, एकमेकांना बघता येत नाही, तर हेडसेटचा पैसा वसूल होतो. दोन्ही बाजूंनी एकाच वेळी बोलता येणारा घ्या. "थांब" ओरडायला बटण शोधावं लागत नाही, हा त्याचा खरा फायदा.

आवाजाने आपोआप उघडणारा मायक्रोफोन गोंगाटात फसतो: एक तर वाऱ्याने सतत उघडा राहतो, नाही तर प्रत्येक वाक्याचा पहिला तुकडा खातो. मायक्रोफोनला वाऱ्याचा फोम हवाच. गोंगाट कापणारा मायक्रोफोन ओठांच्या अगदी जवळ, बोटभर अंतरात असला तरच काम करतो. हनुवटीखाली ढकलला तर तो गोंगाटासोबत तुमचा आवाजही कापतो, आणि मग लोक संच खराब आहे असं समजतात.

डोलकाठीपुढे तुटणाऱ्या हेडसेटचं कारण वारंवारता. २.४ गिगाहर्ट्झच्या लहरी माणसाच्या शरीरात शोषल्या जातात आणि धातू व कार्बन फायबर त्यांना अडवतात. मुख्य युनिट खिशातून काढून दंडावर किंवा टोपीवर लावा. बऱ्याचदा तेवढ्याने भागतं. डेक्ट प्रकारचे (घरगुती बिनतारी फोनच्या तंत्राचे) संच १.९ गिगाहर्ट्झच्या आसपास चालतात, पण युरोप आणि अमेरिकेतले त्यांचे पट्टे वेगळे आहेत.

दोन सावधगिरी. हेडसेटच्या स्पीकरमध्ये चुंबक असतो, तो होकायंत्राजवळ टांगू नका. सुई किती हलते ते एकदा जवळ नेऊन बघाच. आणि डेकवर दोन्ही कान झाकणारा हेडसेट नको. एक कान उघडा राहू द्या, म्हणजे दुसऱ्या बोटीचा भोंगा, दोराचा ताण, पाण्यात पडलेल्या माणसाची हाक ऐकू येईल. हेडसेट बंद पडला तर 'थांब'ची मूठ दोघांना पाठ असलीच पाहिजे.

इंजिन रूम वेगळी

हातभर अंतरावरच्या माणसाशी आवाज चढवून बोलावं लागत असेल, तर तिथे साधारण ८५ डेसिबल किंवा जास्त गोंगाट आहे आणि कान झाकल्याशिवाय काम करायचं नाही. बोलणं ऐकू यावं म्हणून कानातले बोळे काढणं हा उपाय नाही. मोठ्या गोंगाटात नीट बसवलेले बोळे गोंगाट आणि बोलणं दोन्ही सारखंच कमी करतात, त्यामुळे चांगला कान असलेल्याला बोलणं बहुधा तेवढंच कळतं. फक्त बोळे घातलेला माणूस स्वतः हळू बोलायला लागतो, हे त्याला सांगून ठेवा.

इथे कानरक्षकातच बसवलेला तारेचा हेडसेट सर्वांत भरवशाचा. पोलादी भिंतींमधून बिनतारी लहरी जात नाहीत. बोलण्याच्या जोरावरच चालणारे, बॅटरी न लागणारे टेलिफोन जहाजांवर अजून वापरात आहेत ते याचसाठी: वीज गेली तरी ते चालतात. ते बंद पडले तर आधी प्लगचे टोक आणि तारेचा वाकलेला भाग तपासा.

इथे थांबा, जाणकाराला बोलवा

फुगलेली किंवा तापणारी लिथियम बॅटरी चार्ज करू नका, उघडू नका. ती बोटीवरून उतरवा आणि दुरुस्तीवाल्याच्या हवाली करा.

बसवलेल्या व्हीएचएफची अँटेना, तिची केबल किंवा जोड यांवर संशय असेल तर मोजमापाचं यंत्र असलेला रेडिओ तंत्रज्ञच हवा. जुळणी बिघडलेल्या अँटेनावर बोलत राहिलं तर संचाचा प्रक्षेपक जळू शकतो, आणि तो संच तुमच्या मदतीच्या हाकेचा आहे.

इंटरकॉमची तार नेण्यासाठी जलरोधक भिंतीला भोक पाडायची वेळ आली तर हातातलं ड्रिल खाली ठेवा. ते काम बोटबांधणीवाल्याचं. फेराइट लावूनही सूर जात नसेल, तर वायरिंग आणि अर्थिंग सागरी इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्या. पेट्रोलची किंवा गॅसची वाफ साचू शकते अशा जागी साधा संच नेऊच नका. तिथे ठिणगी न पडणारे, तसं प्रमाणपत्र असलेले संच लागतात आणि ते घरी उघडून दुरुस्त करायचे नसतात.

इंजिनाचा आवाजच अलीकडे वाढला असेल तर मेकॅनिकला दाखवा. सैल माउंट किंवा फुटलेला एक्झॉस्ट हे त्याचं कारण असू शकतं, आणि फुटलेल्या एक्झॉस्टमधून केबिनमध्ये कार्बन मोनॉक्साइड येतो.

आणि एकाच माणसाला सगळ्या साधनांवर कमी ऐकू येत असेल, किंवा काम संपल्यावर त्याच्या कानात शीळ घुमत राहत असेल, तर साधनं बदलत बसू नका. त्याला कानाच्या डॉक्टरकडे पाठवा, आणि तपासणी होईपर्यंत इंजिन रूममधलं त्याचं काम दुसऱ्याकडे द्या.